जुन्या साडीची गोधडी नातवंडासाठी : कापड निवडण्यापासून काठ लावेपर्यंत

दोन-तीन वर्षांच्या नातवंडाला काहीतरी हाताने करून द्यायचं असेल, तर माझ्या मते गोधडीच करावी. फ्रॉक सहा महिन्यांत आखूड होतो, खेळण्याचं चाक निघतं. गोधडी मूल शाळेत जायला लागलं तरी अंगावर पुरते आणि धुऊन धुऊन आणखी मऊ होते. शिवाय त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. दोऱ्याची दोन रिळं आणि एक चांगली सुई सोडली, तर बाकी सगळं कपाटाच्या खालच्या खणातच असतं.

इथे सांगते ती गोधडी चार थरांची आहे. जुनी माणसं हिला चौघडी म्हणतात. तयार झाल्यावर ती साधारण चार फूट लांब आणि तीन फुटांपेक्षा थोडी जास्त रुंद होते. रोज तासभर बसलात तर महिनाभरात हातावेगळी होईल. घाईघाईत चार दिवसांत उरकायचं हे काम नाही, म्हणून वाढदिवस गाठायचा असेल तर दीड-दोन महिने आधी साडी काढून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते. एक वर्षाच्या आतलं बाळ झोपतं तिथे सैल पांघरूण, दुलई, उशी असं काही ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते मोडू नका. बाळ तेवढं लहान असेल तर गोधडी जरूर शिवा, पण ती जमिनीवर अंथरून, मोठं माणूस जवळ असताना, पालथं पडायला-रांगायला वापरा. पांघरायला पुढे मिळेलच.

साडी निवडताना

साडी सुती हवी, यात तडजोड नको. नायलॉन-पॉलिएस्टरचं कापड घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून सरकतात आणि सुई जाताना हात दुखतो. साडी सुती आहे की मिसळीची, हे कळत नसेल तर कडेचे चार धागे ओढून काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटाने चुरगळते. कृत्रिम धागा वितळून आकसतो आणि टोकाला कडक गोळी धरतो. हे मोरीत पाण्याची बादली शेजारी ठेवून करावं, नातवंडं घरात नसताना.

नव्या साडीपेक्षा पाच-सात वर्षं नेसलेली साडी कधीही बरी. तिचा कडकपणा गेलेला असतो, जेवढी आटायची तेवढी आटलेली असते आणि रंगही बहुतेक स्थिर झालेला असतो. मात्र जुनी आणि विरलेली यात फरक आहे. साडी खिडकीशी उजेडात धरा. जिथे जाळी दिसते तिथे दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकेच ताणा. धागे सरकून फट पडली तर तो भाग वरच्या किंवा खालच्या थराला घेऊ नका. आत चालेल.

साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. निऱ्यांचा खालचा भाग पायाला घासून विरतो, पदराला खांद्यापाशी पिनांची भोकं पडतात. आतलं टोक, म्हणजे नेसायला सुरुवात करताना कमरेला खोचतो तो भाग, त्याला ऊन लागत नाही की ताण बसत नाही. त्याचा रंग पाहिलात तर साडी घेतली तेव्हा कशी दिसत होती ते आठवेल. गोधडीचा खालचा थर त्याच भागातून काढायचा, कारण जमिनीवर घासणारी बाजू तीच.

जरीचा काठ असेल तर नीट विचार करा. लहान मुलं पांघरुणाचं टोक तोंडात घालतात, चोखतात, गालावर घासतात. जरीच्या तारा टोचतात आणि सुटतात. अशी साडी आतल्या थरांना वापरा आणि काठासाठी साध्या सुती काठाची दुसरी साडी शोधा. साधी हातमागाची सुती साडी असेल तर सोन्याहून पिवळं.

धुणं आणि रंगाची परीक्षा

आधी साडीचा फॉल उसवून काढा. तो वेगळ्या कापडाचा असला तर वेगळ्या मापाने आटतो. मग साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, म्हणजे पूर्वीची खळ सुटेल. खळ राहिली तर सुई अडते आणि दमट हवेत किडे लागतात. सकाळी गरम पाण्यात साध्या साबणाने धुवा. कंडिशनर आणि वासाची द्रव्यं नकोत.

रंगाची परीक्षा म्हणून साडीचं टोक कोमट पाण्यात ओलं करून त्यावर पांढरा रुमाल मिनिटभर चोळा. रुमालावर रंग उतरला तर साडी आणखी दोनदा धुऊन परत पाहा. तरीही उतरत असेल तर ती साडी या कामाची नाही. मूल चोखणार आहे हे लक्षात ठेवा. गडद लाल आणि निळ्या रंगांना ही परीक्षा विशेष करून घ्यावी.

कडक उन्हात वाळवा. गावाकडे गोधड्या उन्हाळ्यात शिवायला घेतात. तेव्हा शेतातली कामं उरकलेली असतात, कापड लगेच वाळतं आणि थरांत ओल राहत नाही. पावसाळ्यातच शिवायची वेळ आली तर प्रत्येक तुकड्याला शिवण्याआधी गरम इस्त्री फिरवा.

फाडायचं कसं

नेहमीची गोल साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते आणि रुंदीला ४४-४५ इंच. पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे काठ लांबीच्या बाजूने कात्रीने कापून घ्या, प्रत्येकी ३ इंच रुंदीचे. काठ स्वतः बारीक असला तरी त्याच्या आतलं कापड धरून पट्टी ३ इंचांचीच काढा. उरलेल्या ३८ इंच रुंदीच्या कापडाचे ४८ इंच लांबीचे ४ तुकडे पाडायचे. १९२ इंच त्यात गेले, २४ इंच पदराकडचे शिल्लक राहिले. ते चित्रांसाठी.

आडवे तुकडे कात्रीने कापू नका. कडेला बोटभर कात्री मारून दोन्ही हातांनी फाडा. हातमागाची सुती साडी आडव्या धाग्यावर सरळ फाटते आणि चारही तुकडे आपोआप काटकोनात बसतात. कात्रीने कापताना चार फुटांत इंचभर तरी तिरकं जातंच. अगदी जुनं कापड मात्र फाडताना भलतीकडे चिरतं, म्हणून आधी एका टोकाला फाडून पाहा.

नऊवारी लुगडं असेल तर आठ मीटरांहून जास्त कापड मिळतं, त्यात ६ थर निघतात. नाशिक-पुण्याच्या थंडीला ६ थर बरे, मुंबई-कोकणात ४ पुरे. आत जुनी सोलापुरी चादर किंवा टॉवेल घालायचा मोह होतो. ऊब चांगली येते, पण हाताने शिवताना सुई निघत नाही आणि दोन वर्षांच्या मुलाला ती गोधडी ओढत नेता येत नाही. मुलाला स्वतः उचलता यावी एवढीच जड करा. मऊ झालेलं जुनं धोतर किंवा मलमलीची ओढणी आतल्या थराला उत्तम. नवं कापड वापरणार असाल तर ते आधी दोनदा धुऊन आटवून घ्या.

आजोबांच्या सदऱ्याचा खिसा

माझ्या मते या गोधडीतली सगळ्यात आवडती जागा हीच होणार, म्हणून सावकाश सांगते.

आजोबांचा जुना सुती सदरा किंवा शर्ट घ्या. छातीवरचा खिसा, त्याच्या मागचं कापड आणि चारही बाजूंनी इंच-इंच जागा धरून चौकोन कापा. खिशाला बटण असेल तर काढून टाका आणि काजं शिवून बंद करा. खिसा उलटा करून आतल्या कोपऱ्यांत साठलेली धूळ आणि लव झटका, जुन्या दातघासणीने घासा. खिशाच्या तोंडाची दोन टोकं सगळ्यात आधी उसवतात, कारण मूल त्यात मूठ घालून खाली ओढतं. म्हणून तिथे जुन्या शिवणीवरच दुहेरी दोऱ्याने पाच-सहा टाके एकावर एक घ्या.

आता चौकोनाच्या कडा पाव इंच आत दुमडून नखाने घडी पाडा आणि तो वरच्या थरावर ठेवा. जागा निवडताना गोधडी मुलाच्या अंगावर आहे असं समजा. खिसा छातीच्या किंचित खाली, उजव्या हाताला सहज लागेल असा यावा आणि त्याचं तोंड गळ्याच्या बाजूला असावं. चारही कडांनी बारीक टाका घालून शिवा. खालचे थर अजून जोडलेले नाहीत, त्यामुळे इथे फक्त वरच्या थराला शिवण बसेल.

असा खिसा असला की मूल त्यात चिंचोका, तिकिटाचा कागद, खेळण्यातली मोटार असं काहीबाही ठेवायला लागतं. झोपण्यापूर्वी तो रिकामा करायची सवय मोठ्यांनी ठेवावी. लहान वस्तू घशात अडकू शकते.

चित्रं आणि पंजा

पदराच्या तुकड्यातून, आईच्या जुन्या ओढणीतून, मुलाच्याच आखूड झालेल्या झबल्यातून चित्रं कापा. चिऊ, काऊ, बैल, मनीमाऊ, घर अशी मुलाला ओळखता येतील अशी. पाच-सहा पुरेत. गोधडीभर गर्दी केली तर शिवताना सुईला वाट मिळत नाही. आकार दिनदर्शिकेच्या जाड कागदावर काढून कापा, कागद कापडावर ठेवून भोवती पाव इंच जास्त धरून कापा, आणि ती जादा कड कागदावरून आत दुमडून इस्त्री करा. कागद काढला की कडा नीट दुमडलेल्या मिळतात. गोलाईच्या जागी कडेला बारीक चिरा द्या, नाहीतर चुण्या पडतात.

डोळे, चोची, मिशा दोऱ्याने भरायच्या. बटणं, मणी, आरसे, टिकल्या, घुंगरं यांतलं काहीही लावू नका, कितीही घट्ट शिवलं तरी. गोंडेही नकोत.

मुलाच्या हाताचा पंजा गोधडीवर उमटवायची कल्पना मला फार आवडते. मूल झोपलेलं असताना त्याचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. मग तो आकार कापून कापडावर ठेवून रेघ आखा आणि त्या रेघेवर गडद दोऱ्याने टाके घाला. पुढच्या वर्षी मूल स्वतःच आपला हात त्यावर ठेवून मापेल. नातवंड परगावी किंवा परदेशी असेल तर त्याच्या आईबाबांना पंजा काढून फोटो पाठवायला सांगा, आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कळवायला सांगा. नुसत्या फोटोवरून माप कळत नाही.

कापडावर आखायला साबणाची वापरून पातळ झालेली चकती सगळ्यात चांगली. रेघ स्पष्ट उठते आणि पहिल्या धुण्यात जाते. बॉलपेन नको.

थर अंथरून कच्चे टाके

फरशी पुसून कोरडी करा. सगळ्यात मजबूत तुकडा सुलटी बाजू खाली ठेवून अंथरा. त्यावर विरलेले दोन तुकडे, आणि सगळ्यात वर चित्रांचा तुकडा, सुलटी बाजू वर. प्रत्येक थर टाकल्यावर मधून कडांकडे तळवे फिरवून सुरकुत्या बाहेर काढायच्या. दोघं असाल तर समोरासमोर बसून टोकं धरा, पण ताणू नका. ताणलेला थर शिवल्यावर आकसतो आणि बाकीचे फुगतात. चार कोपऱ्यांवर वरवंटा, भरलेले डबे असं काही जड ठेवा.

मग मधोमध उभा आणि आडवा, आणि त्यानंतर दर वीतभर अंतरावर, दोन-दोन इंचांचे लांब कच्चे टाके घाला. पिना लावू नका. चार थरांत शिरलेली एखादी पिन नजरेतून सुटते, आणि ही गोधडी मुलाच्या अंगावर जाणार आहे. कच्च्या टाक्यांसाठी वेगळ्याच रंगाचा दोरा घ्या, म्हणजे शेवटी काढताना एकही राहणार नाही.

गुडघे दुखत असतील तर फक्त हेच काम जमिनीवर करा किंवा घरातल्या तरण्या माणसाकडून करून घ्या. पुढचं सगळं जेवणाच्या टेबलावर, गोधडी अर्धी गुंडाळून करता येतं.

धावदोरा

धावदोरा म्हणजे सगळे थर जोडत ओळींत घालायचा साधा टाका. सुई मोठ्या नेढ्याची, दोन इंचांच्या आसपास लांब घ्या. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. दोरा जाड सुती, दुहेरी. ओवलेला दोरा हातभर ठेवा, लांब ठेवला की गाठी होतात. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर सुळसुळीत चालतो. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई रेटायची टोपी, घाला. चार थरांतून सुई रेटताना ते नसेल तर दुसऱ्या दिवशी बोट टेकवत नाही.

दोऱ्याचा हिशेब असा : ओळीत इंचाचं अंतर ठेवलं तर ३७ ओळी, प्रत्येक ४ फूट, म्हणजे सुमारे ४५ मीटर शिवण. दुहेरी दोऱ्याने ९० मीटर, वर टाक्यांत जाणारा आणि वाया जाणारा वेगळा. शंभर मीटरचं एक रीळ पुरत नाही, त्याच रंगाची दोन एकदमच आणा. नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

गावाकडच्या बायका कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत येतात आणि मध्यावर संपवतात. बघायला फार सुंदर, पण मधे कापडाचा फुगा राहू द्यायचा नाही यासाठी हात बसलेला लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी मधल्या उभ्या रेघेपासून सुरू करावं. एक ओळ उजवीकडे, एक डावीकडे, असं करत कडांकडे जायचं. सैल राहिलेलं कापड त्यामुळे बाहेर सरकत जातं आणि कडेला पोचलं की कापून टाकता येतं.

सुरुवातीची गाठ वर ठेवू नका. सुई दोन थरांमध्ये घालून ओळीच्या टोकाशी बाहेर काढा आणि दोरा हलकाच झटका देऊन ओढा. गाठ टप्पकन आत शिरते. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग ओढायचं. दर पाच-सहा टाक्यांनी गोधडी उलटून मागे पाहा. सुई खालच्या थरापर्यंत पोचली नसेल तर तिथे टाका दिसणार नाही, तेवढं उसवून पुन्हा घाला. दोरा ओढताना कापडावर बारीक सुरकुती यावी, चुणी पडू नये. गोधडीचा तो खडबडीत मऊपणा याच सुरकुत्यांमुळे येतो. मशीनच्या शिवणीने तो येत नाही, कापड पुठ्ठ्यासारखं होतं. म्हणून मशीन घरात असलं तरी धावदोरा हातानेच घाला.

चित्रापाशी आलात की ओळ तिथे थांबवा, सुई थरांच्या आतून पलीकडे काढा आणि पुढे चालू ठेवा. चित्राच्या कडेकडेने नंतर एक वेगळा फेरा घाला, म्हणजे चिमणी उठून दिसते. खिशाखालून शिवताना एक हात खिशात घालून ठेवा, नाहीतर खिशाचं वरचं कापड मागच्याला शिवलं जातं. संपताना गाठ मारण्यापेक्षा दोन-तीन मागे टाके घ्या आणि दोरा थरांत घालून कापा. सुटी टोकं मुलाच्या बोटाला गुंडाळली जाऊ शकतात.

दिवसाच्या उजेडात शिवा. रात्री दिव्याखाली गडद कापडावर टाके वाकडे जातात आणि डोळे शिणतात.

काठ लावणं

सगळ्या ओळी झाल्या की कच्चे टाके काढा, गोधडी सपाट पसरून चारही कडा पट्टीने सारख्या करा. आता आधी कापून ठेवलेला काठ घ्या. घेर सुमारे १७० इंच होईल, आपल्याकडे २१६ इंच आहेत, म्हणजे कोपऱ्यांसाठी भरपूर.

काठाची कापलेली कड पाव इंच आत दुमडा. मग पट्टी लांबीत मधोमध दुमडून गोधडीची कड तिच्यात घाला. काठाची मूळ विणलेली कड वरच्या बाजूला येऊ द्या, ती सुटत नाही आणि दिसायलाही छान. वरून आणि खालून एकाच टाक्यात शिवा. कोपऱ्यावर पट्टी तिरकी दुमडून घडी हाताने शिवून टाका. मुलं नेमका कोपराच चावतात, तेव्हा तिथे दुहेरी शिवण घाला. काठ मशीनवर शिवला तरी हरकत नाही.

मागच्या बाजूला एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची छोटी पट्टी लावून त्यावर दोऱ्याने लिहा : साडी कोणाची, खिसा कोणाच्या सदऱ्याचा, वर्ष कोणतं. पेनची शाई धुण्यात जाते, दोऱ्याची अक्षरं राहतात.

देण्यापूर्वी आणि नंतर

काम सुरू करताना डबीत किती सुया आहेत ते मोजून ठेवायचं आणि रोज उठताना पुन्हा मोजायचं. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटी लोहचुंबक, फ्रिजवर लावतात तसंही चालेल, दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरवा आणि तळव्याने दाबत इंच न् इंच चाचपा. मग एकदा धुऊन, उन्हात वाळवून मगच मुलाच्या हातात द्या.

परदेशी न्यायची असेल आणि थोडं काम तिथे जाऊन करायचं असेल, तर सुया आणि कात्री चेक-इनच्या बॅगेत टाका. तिकडे धुताना मशीनचा हलका फेरा, थंड किंवा कोमट पाणी, आणि जाळीची पिशवी. ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर थोडा वेळ, बाकी दोरीवर. इकडे हाताने धुताना पिळू नका, ओल्या गोधडीचं वजन दोऱ्यावर येऊन टाके तुटतात. बादलीवर निथळू द्या आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळत घाला.

टाका सुटला तर त्याच आठवड्यात घाला. आज एक सुटलेला असतो, पुढच्या धुण्यात दहा होतात. कुठे विरून भोक पडलं तर त्याच साडीच्या उरलेल्या तुकड्याचं ठिगळ लावा. कुठे ठिगळ लावायचं आणि कोणत्या आकाराचं, हे आता मुलालाच विचारा. उरलेल्या दुसऱ्या काठाच्या नाड्या करून पदराच्या शिल्लक कापडाची पोटली शिवता येते, गोधडी द्यायला आणि प्रवासात ठेवायला. त्यातूनही वीत-दीड वीत कापड राहिलं तर बाहुलीसाठी एक छोटी चौघडी होते. ती शिवताना नातवंडाला शेजारी बसवून रीळ धरायला द्या.